वस्तीतले आरोग्य कॅम्प, सर्व्हे, लसीकरण: नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅम्पाच्या टेबलावर, आशाताईसोबत घरोघरी फिरताना आणि व्हॉट्सअपवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एका जागी टाकले आहेत. थोडं लांबलं आहे, पण तुम्हाला जेवढं पाहिजे तेवढंच वाचा.

तुम्ही नेमके कोण? मनपाचे का?

नाही. आम्ही वेगवेगळ्या वस्त्यांमधले लोक आहोत, कोणी बचत गटातल्या बाया, कोणी रिटायर सिस्टर, कोणी कॉलेजचे पोट्टे. मनपाच्या दवाखान्यातल्या डॉक्टर-सिस्टरला वस्तीत यायला जी मदत लागते ती आम्ही करतो आणि वस्तीचं म्हणणं त्यांच्यापर्यंत पोचवतो. औषध आम्ही देत नाही, रिपोर्ट आम्ही वाचून सांगत नाही, कृपा करून फोटो पाठवून "जरा पाहून सांगा" म्हणू नका.

आशाताई दर वेळेस तेच तेच प्रश्न काऊन विचारते?

कारण तिच्या प्रत्येक कामाचा फॉर्म वेगळा. गरोदर बाईचा वेगळा, लहान लेकराचा वेगळा, टीबीच्या सर्व्हेचा वेगळा, आणि तिशीच्या वरच्या माणसांचा बीपी, शुगर, तोंडाचा-स्तनाचा-गर्भाशयमुखाचा कॅन्सर यांच्या धोक्याचा वेगळा. शहरात एका आशाकडे साधारण १,००० ते २,५०० लोकसंख्या असते, म्हणजे दोनशे ते पाचशे घरं, आणि तिला पगार नसतो, कामामागे मोबदला आणि वर मानधन. त्यासाठी त्यांना २०२३-२४ मध्ये संपावर बसावं लागलं होतं हे पण लक्षात असू द्या. तिच्यावर चिडून दार लावून घेतलं तर तुमचं घर "बंद" म्हणून लिहिलं जातं, मग तिला परत यावं लागतं, आणि तुम्हाला परत तेच प्रश्न.

आधार कार्ड, मोबाइल नंबर द्यायलाच पाहिजे का? कुठे जाते ही माहिती?

हा प्रश्न सगळ्यात जास्त मोमिनपुरा, ताजबाग, टेका नाका या भागात येतो आणि त्याचं कारण सगळ्यांना माहीत आहे. २०२० च्या सुरुवातीला एनआरसीची (नागरिकत्वाच्या नोंदणीची) भीती होती, कागद घेऊन येणारा कोणीही माणूस संशयाचा वाटत होता, त्यावर लगेच कोरोना आला आणि सतरंजीपुरा, मोमिनपुरा सील झाले, घरचे लोक क्वारंटाइनला नेले. ज्यांनी ते पाहिलं त्यांना "घाबरू नका" म्हणून सांगणं म्हणजे काहीच न सांगणं आहे.

तर सरळ सांगतो. लस घ्यायला, टीबीची तपासणी करायला, इमर्जन्सीत भरती व्हायला आधार नाही म्हणून कोणी परत पाठवू शकत नाही. पैसे थेट खात्यात येणाऱ्या योजना असतील (जननी सुरक्षा, मातृ वंदना, टीबीचं पोषण) तर बँक खातं आणि ओळखपत्र लागतं. मोबाइल नंबर रिपोर्ट कळवायला आणि पुढच्या डोसाची तारीख सांगायला घेतात. ओटीपी मागितला तर कशासाठी हे आधी विचारा, सांगता आलं नाही तर देऊ नका. आणि सर्व्हेवाल्याकडे ओळखपत्र असलंच पाहिजे, ते पाहायला मागणं हा काही अपमान नाही.

आमच्या मोहल्ल्यात कॅम्प लावायचा आहे, काय करायचं?

आधी हे ठरवा की कॅम्प कशाला पाहिजे. आमच्याकडे येणाऱ्या दहातले आठ जण म्हणतात "शुगर-बीपीचा कॅम्प लावून द्या", कारण कोणाचा तरी वाढदिवस असतो. स्पष्ट बोलतो, वाढदिवसाच्या कॅम्पाने काही होत नाही. सकाळी शंभर लोकांची बोटं टोचली, वीस जणांची शुगर जास्त निघाली, दुपारी मंडप निघाला, त्या वीस जणांना कोण सांगणार की उद्या कुठे जायचं? फ्लेक्स मात्र टेबलापेक्षा मोठा असते.

त्यामुळे पहिले वस्तीत विचारा. चार-पाच जागी बसून, बायांना वेगळं, पोट्ट्यांना वेगळं, म्हाताऱ्यांना वेगळं. पुढाऱ्याला विचारून जे कळतं आणि नळावर उभ्या बाईला विचारून जे कळतं ते कधीच एक नसतं. एका वस्तीत आम्हाला वाटलं होतं डेंग्यूवर बोलायचं आहे, बाया म्हणाल्या आमच्या सुनेला अंगावरून पांढरं जाते, लेडी डॉक्टर पाठवता का ते सांगा, बाकी मग पाहू.

मग जवळच्या शहरी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या एमओंना (मेडिकल ऑफिसरना) लेखी अर्ज द्या, एक कॉपी झोन ऑफिसला. नागपुरात मनपाचे दहा झोन आहेत, तुमचा कोणता ते घरटॅक्सच्या पावतीवर असते. तारीख त्यांच्या सोयीने घ्या पण वेळ तुमच्या. जिथे बाया धुणीभांडी करायला जातात तिथे सकाळी अकराला कॅम्प लावला की फक्त रिकामे बसलेले पुरुष येतात, तिथे दुपारी तीननंतर. कळमन्याच्या हमालांसाठी उलटं, बाजाराच्या धावपळीत कोणी थांबत नाही, माल उतरल्यावर थांबतात. शुक्रवारी दुपारी मुस्लिम वस्तीत, चेटीचंडला जरीपटक्यात, मारबतीच्या दिवशी महाल-इतवारीत कॅम्प ठेवणारे महाभाग पण पाहिले आहेत, काय बोलणार बाप्पा.

रक्त काढायचं असेल तर सुया आणि कापूस कुठे टाकणार हे आधी ठरलं पाहिजे, तो जैव कचरा आहे, कचरागाडीत जात नाही. आणि रक्तदान कॅम्प हा वेगळाच विषय आहे, तो परवानाधारक रक्तपेढीच घेते.

जागा कोणती घ्यावी? विहार, मशीद, समाजभवन, मंदिर?

जिथे लोक जमतात तिथे, पण एक गोष्ट पाहून. इंदोऱ्याच्या विहारात ठेवलं की बौद्ध समाज भरून येते, बाजूच्या गल्लीतले येत नाहीत. मदरशात ठेवलं की उलटं. हलबा समाजभवनात ठेवलं की कोष्टी-हलबा सोडून बाकी म्हणतात "त्यांचा कॅम्प आहे". मोठ्या, मिसळीच्या वस्तीत अंगणवाडी किंवा मनपाची शाळा बरी, ती कोणाची नसते. एकाच समाजापर्यंत पोचायचं असेल तर त्यांचीच जागा घ्या, आणि घोषणा त्यांच्याच माणसाकडून करवा. मशिदीच्या भोंग्यावरून "उद्या बच्चों का टीका है" एकदा बोललं गेलं की आमच्या दहा पत्रकांचं काम होते.

मराठी बोर्ड लावले तर चालत नाही का?

चालतात ना, पण पुरत नाहीत. नागपुरात अर्धा बाजार हिंदीत चालते. मोमिनपुऱ्यात म्हाताऱ्या बाया उर्दू वाचतात, मराठी नाही. बांधकामावरचे मजूर छत्तीसगडी बोलतात, त्यांच्यातले बरेच काहीच वाचत नाहीत. गडचिरोली-मध्य प्रदेशकडून आलेल्या गोंड कुटुंबात म्हातारी माणसं गोंडीतच मोकळी होतात. आमचा अनुभव असा आहे की छापील पत्रकापेक्षा एक मिनिटाचा आवाज जास्त फिरतो, तो पण त्या वस्तीतल्याच बाईचा, थोडं अडखळत बोललेला असला तरी. रेडिओसारखा गुळगुळीत आवाज ऐकला की लोक जाहिरात समजून पुढे ढकलतात. दुभाषी म्हणून लेकराला बसवू नका, शाळकरी पोरीला आईच्या पाळीबद्दल डॉक्टरला सांगायला लावणं बरं नाही.

सिकलसेलची टेस्ट सगळ्यांनी काऊन करायची? आम्हाला तर काही होत नाही.

विदर्भात हा प्रश्न टाळता येत नाही, आदिवासी आणि अनुसूचित जातींमध्ये प्रमाण जास्त आहे, काही ओबीसी समाजांमध्ये पण आहे. केंद्र सरकारचं सिकलसेल निर्मूलन मिशन १ जुलै २०२३ ला शहडोलला सुरू झालं, ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत हा आजार संपवायचा असं ठरलं आहे.

होते काय, रक्तातल्या लाल पेशी गोल असायच्या त्या विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांमध्ये अडकतात, मग हाडं-सांधे असे दुखतात की लेकरू लोळते, रक्त कमी होते, वारंवार ताप-न्युमोनिया. हे सगळं आईकडून एक आणि बापाकडून एक असे दोन दोष आलेल्याला, म्हणजे "एसएस" ला. आईबापापैकी एकाकडूनच दोष आला असेल तर तो "एएस", वाहक. वाहकाला साधारण काही त्रास नसतो, तो आजारी नाही आणि पुढे जाऊन एसएस होत पण नाही, हे वाक्य आम्ही वस्तीत इतक्या वेळा बोललो आहोत की झोपेतही बोलू.

अडचण कधी? दोघंही वाहक असले तर. मग प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता बाळ एसएस होण्याची, ५० टक्के वाहक, २५ टक्के पूर्ण चांगलं. "प्रत्येक" हा शब्द महत्त्वाचा आहे, पहिलं एसएस झालं म्हणजे पुढचे तीन चांगले असा हिशोब नसतो.

तपासणी सोपी आहे, बोटाला टोचून सोल्युबिलिटी टेस्ट, ती पॉझिटिव्ह आली की पक्कं करायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, या लॅबमधल्या टेस्ट. पहिल्या टेस्टवरून एएस की एसएस कळत नाही, त्यामुळे तेवढ्यावर रडारड करू नका. एसएस निघालं तर हायड्रॉक्सीयुरिया नावाची गोळी आहे, डॉक्टरच्या देखरेखीत रोज घेतली तर दुखण्याचे झटके कमी होतात. मेडिकल, मेयो, डागा या सरकारी दवाखान्यांत उपचार मिळतात.

रिपोर्ट बाहेर गेला तर पोरीचं लग्न मोडते, त्याचं काय?

खरी भीती आहे, आम्ही हसण्यावारी नेत नाही. असं झालं आहे की कॅम्पात नावं मोठ्याने वाचली गेली आणि संध्याकाळपर्यंत गल्लीला माहीत. म्हणून आमची अट असते, रिपोर्ट बंद पाकिटात, ज्याचा त्याला, आणि अठराच्या वरच्या पोरीचा तिच्याच हातात, काकाच्या नाही. आणि एक अजून, टेस्ट फक्त पोरीचीच करायची हे बंद करा. पोट्ट्यांची पण कॉलेजमध्येच झाली पाहिजे. दोघांमधला एक साधा, म्हणजे दोष नसलेला, निघाला तर एसएस लेकरू होतच नाही, मग लग्न मोडायचं कारण कुठे राहते? आणि दोघं वाहक असून लग्न करायचंच असेल तर करा, डॉक्टरशी आधी बोला, गरोदरपणात तिसऱ्या महिन्याच्या सुमारास गर्भाची तपासणी करता येते.

लसीने ताप येते, मग द्यायची कशाला?

दीड, अडीच, साडेतीन महिन्याच्या पेंटाने (पाच आजारांची एकच लस) ताप येते, पाय थोडा सुजते, एक-दोन दिवसात उतरते. सिस्टरने दिलेली पॅरासिटामॉल सांगितली तेवढीच द्या. लस दिल्यावर अर्धा तास तिथेच बसा, तो नियम तुमच्यासाठी आहे. घराघरात एक सासू असते जी म्हणते "आमच्या येळेस नव्हतं काही", तिच्याशी भांडू नका, तिला विचारा तिचे किती भाऊबहीण लहानपणी गेले. उत्तर बहुतेक वेळा तीच देते.

भारत पोलिओमुक्त २०१४ मध्ये झाला, तो दारावर खडूने खुणा करत फिरून झाला. ज्या घरांनी नकार दिला तिथे परत परत माणूस गेला, कधी इमाम, कधी शेजारचा किराणावाला. गोवर-रुबेलाच्या २०१८ च्या मोहिमेत व्हॉट्सअपवर लस घेतल्याने मूल होत नाही अशा अफवा फिरल्या होत्या, तेव्हापासून आम्ही अफवेचा मेसेज "हे खोटं आहे" म्हणून पुढे पाठवत नाही, कारण लोक वरचं वाचत नाहीत, खालचं वाचतात. खरं काय तेवढंच लिहा.

आम्ही बिलासपूरकडून कामाला आलो, इथे लेकराला डोस मिळेल का?

मिळेल. तिकडचं कार्ड असेल ते घेऊन या, हरवलं असेल तरी या. दिलेला डोस वाया जात नाही, पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, राहिलेले पुढे द्यायचे. गरोदर बाईने पण ठेकेदाराच्या साइटवरून थेट जवळच्या मनपाच्या दवाखान्यात नाव नोंदवावं, बाळंतपणाला १०२ नंबरची गाडी फुकट असते. ठेकेदारांना विनंती, महिन्यातून एका दिवशी दोन तास सोडा, काम बुडत नाही.

रमजानमध्ये टीबीची गोळी, शुगरची गोळी कशी घ्यायची?

स्वतःच्या मनाने बंद करू नका, एवढंच आमचं म्हणणं. रोजे सुरू व्हायच्या आधी डॉक्टरकडे जाऊन वेळ बदलून घ्या, बऱ्याच गोळ्या सहेरी-इफ्तारला बसवता येतात. इन्सुलिन घेणारे, किडनीवाले, गरोदर बाया यांनी तर विचारूनच. रोजा सोडावा का नाही हे आम्ही सांगणारे कोण, तुमच्या मौलानांना विचारा. आजाऱ्याला सूट आहे हे ते स्वतः सांगतात आणि त्यांनी सांगितलेलं लागते. त्या महिन्यात कॅम्प इफ्तारनंतर ठेवतो, गर्दी चांगली होते.

दोन आठवड्यांचा खोकला आहे, तपासायला गेलो तर लोक काय म्हणतील?

लोक म्हणतील ते म्हणतील. दोन आठवडे खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, यातलं काही असेल तर थुंकी तपासा, मशीनवर लवकर कळते आणि कोणती गोळी लागू पडणार नाही ते पण कळते. औषध फुकट, साधा टीबी असेल तर सहा महिने. टीबीच्या पेशंटला खाण्यापिण्यासाठी सरकारच्या निक्षय पोषण योजनेचे महिन्याला ५०० मिळायचे, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० केले आहेत, खातं नसेल तर घरच्याचं चालते. भांडेवाडीत कचरा वेचणाऱ्या आणि मजुरीवाल्या घरांमध्ये गोळ्या मध्येच सुटतात, गावाला जातात म्हणून. जाताना सांगून जा, निक्षय आयडीवर (टीबीच्या पेशंटचा नोंदणी नंबर) तिकडच्या दवाखान्यात औषध सुरू राहते.

खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) सोडायला सांगायला तुम्ही कॅम्प लावता का?

सांगून कोणी सोडत नाही, नागपूरकराला तर नाहीच. आम्ही तोंड उघडायला लावतो. तीन बोटं उभी आत जात नाहीत अशी पंचविशीतली पोट्टी पानठेल्यावर रोज दिसतात, तिखट लागलं की डोळ्यात पाणी, जबडा आखडलेला. सुपारीनेच हे होते, तंबाखू नसला तरी. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, पंधरा दिवसात न भरणारा छाला असेल तर मेडिकलच्या बाजूच्या शासकीय दंत महाविद्यालयात दाखवा, आजच. पानठेलेवाल्यांशी पण आम्ही बोलतो, ते काही दुश्मन नाहीत, ग्राहकाच्या तोंडाचे हाल सगळ्यात आधी त्यांनाच दिसतात.

कूलर तपासायला घरात काऊन येता?

डेंग्यूचा मच्छर गटारात नाही, तुमच्या कूलरमध्ये होते. मे-जूनमध्ये कूलर चालते तोवर ठीक, पाऊस पडला की बंद करून तसाच पाणी भरून ठेवतात, तिथेच अळ्या. आठ-दहा दिवसात अळीचा मच्छर होते म्हणून आठवड्यातून एक दिवस रिकामा करा आणि आतून घासा, अंडी कडांना चिकटून कोरडी पडून राहतात, पुढच्या वर्षी पाणी भरलं की परत जिवंत. धरमपेठ, रामदासपेठवाले आम्हाला गेटवरूनच परत पाठवतात, "आमच्याकडे स्वच्छ आहे" म्हणून, झोपडपट्टीतले आत घेतात. मच्छरला स्वच्छच पाणी लागते हो.

उन्हाळ्यात काय?

४५ च्या वर पारा गेला की रिक्षा, डिलिव्हरी, हमाली, बांधकाम करणाऱ्यांनी दुपारी एक ते चार थांबावं हे बोलायला सोपं आहे. ते जमत नसेल तर निदान पाणी, ओआरएस, डोक्याला दुपट्टा. माणूस बडबडायला लागला, अंग तापून कोरडं पडलं तर सावलीत घ्या, ओलं करा, पंखा घाला, १०८ लावा, बेशुद्धाला पाणी पाजू नका. सिकलसेलवाल्यांनी उन्हाळ्यात जास्तच पाणी प्यायचं, पाणी कमी पडलं की झटका येते.

तृतीयपंथी आहे, दवाखान्यात लाइन कोणती लावायची इथूनच मजा घेतात.

हे आम्हाला अनेकांनी सांगितलं आहे. २०१९ च्या कायद्याने आरोग्य सेवेत भेदभाव करायला मनाई आहे, पण कायदा केस पेपरच्या खिडकीवर बसलेला नसते. आम्ही सोबत येतो, पहिल्या वेळेस तरी. काही एमओ फार चांगले आहेत, त्यांची ओपीडी कोणत्या दिवशी ते विचारा, सांगू. एचआयव्हीची तपासणी आयसीटीसीत (सरकारी एचआयव्ही समुपदेशन-तपासणी केंद्रात) गुप्त आणि फुकट असते. देहविक्रीच्या वस्तीतल्या ताईंसाठी पण हेच, आणि तिथे एचआयव्हीशिवाय बीपी, दात, लेकरांची लस हे पण प्रश्न आहेत, प्रत्येक वेळी फक्त एचआयव्हीच तपासायला येणाऱ्यांवर त्या चिडतात ते बरोबर आहे.

पैसे किती लागतात?

मनपाच्या दवाखान्यात फुकट. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांमध्ये, जसा डागा, १५ ऑगस्ट २०२३ पासून केस पेपरसकट फुकट. मेडिकल आणि मेयो हे वैद्यकीय शिक्षण विभागाचे आहेत, तिथे त्यांचे दर असतात, त्यामुळे "फुकट म्हणाले होते" म्हणून खिडकीवर भांडू नका. मोठ्या ऑपरेशनला महात्मा फुले योजना, आता सगळ्या कुटुंबांना पाच लाखांपर्यंत, राशन कार्ड न्या. चौकशी १५५३८८ वर.

दवाखान्यात हाडतूड करतात, तक्रार कुठे?

तारीख, वेळ, कोणता काउंटर हे लिहून ठेवा, नाव कळलं तर नाव. आधी तिथल्याच एमओ किंवा अधीक्षकांकडे लेखी, पोच घ्या. मग झोन, मग आपले सरकार पोर्टल. फेसबुकवर व्हिडिओ टाकायची घाई करू नका, त्यात दुसऱ्या पेशंटचं तोंड दिसते. आम्ही दर काही महिन्यांनी तक्रारी एकत्र करून दवाखान्याच्या बैठकीत मांडतो, एकट्याचं "गैरसमज झाला" म्हणून उडवतात, पंधरा जणांचं सारखंच लिहिलेलं उडवता येत नाही.

आम्हाला पण यात बोलायचं आहे, कसं?

पन्नास ते शंभर घरांमागे एक महिला आरोग्य समिती असते, तिला वर्षाला ५,००० रुपये मिळतात, ते कुठे खर्च करायचे हे समिती ठरवते. बऱ्याच जागी समिती कागदावर आहे आणि अध्यक्ष बाईला स्वतःलाच माहीत नाही की ती अध्यक्ष आहे. आशाताईला विचारा तुमच्या गल्लीची समिती कोणती, बैठक कधी झाली, वहीत काय लिहिलं. दोन-तीन बाया जाऊन बसल्या की वही उघडते.

कॅम्पात काही निघालं, चिठ्ठी दिली, पुढे काय?

चिठ्ठीवर दवाखान्याचं नाव, दिवस आणि ओपीडी नंबर लिहिलेला आहे का पाहा, नसेल तर टेबल सोडू नका. आठवडाभरात कोणाचा फोन आला नाही तर आशाताईला सांगा. सोबत यायला माणूस पाहिजे असेल, दिवसाची रोजी बुडते म्हणून अडत असेल, तर आधी सांगा, संध्याकाळी उघडा असणारा जवळचा सरकारचा "आपला दवाखाना" आहे का ते पाहू.